पत्ताकोबीच्या पानातला बोकडाचा खिमा : चरबीवाचून रसरशीत कसा ठेवावा

पत्ताकोबीचे पान उकडून त्यात खिमा आणि भात भरायचा, आळूवडीसारखी त्याची गुंडाळी करायची आणि ती टोमॅटोच्या रश्श्यात मंद आचेवर शिजवायची, हा पूर्व युरोपातल्या घरांतला हिवाळ्याचा नेहमीचा बेत आहे. पोलंडमध्ये या रोलना ‘गोवोंपकी’, म्हणजे छोटी कबुतरे, असे म्हणतात. युक्रेनमध्ये ‘होलुबत्सी’, रोमानियात ‘सारमाले’ आणि तुर्कस्तानात ‘लाहाना सारमासी’ ही त्यांचीच नावे आहेत. स्वीडनमध्ये तर 30 नोव्हेंबर हा दिवसच या रोलच्या नावाने पाळला जातो, कारण तुर्की मुलखात काही वर्षे आश्रयाला राहिलेला राजा बारावा चार्ल्स 1718 साली याच दिवशी मारला गेला आणि हा पदार्थ त्याच्याबरोबर स्वीडनला आला असे तिथले लोक सांगतात.

या सगळ्या देशांतल्या पाककृतींत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे खिम्यातली चरबी. तिकडे डुकराचा किंवा गाईचा खिमा वापरतात आणि त्यात शंभर ग्रॅममागे वीस ग्रॅमच्या आसपास चरबी असणे ही नेहमीची गोष्ट आहे. रोल तासभर शिजतो तेव्हा ही चरबी वितळून भात, कांदा आणि पान यांत मुरते, त्यामुळे सारण मऊ राहते आणि स्वयंपाक्याच्या बारीकसारीक चुकाही झाकल्या जातात. मराठवाड्यात मात्र ‘मटण’ म्हटले की बोकडच डोळ्यांसमोर येतो, आणि अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यांप्रमाणे बोकडाच्या कच्च्या मांसात शंभर ग्रॅममागे चरबी जेमतेम सव्वादोन ते अडीच ग्रॅम आणि प्रथिने मात्र वीस ग्रॅमच्या वर असतात. शेळीवर्गातल्या जनावरांची चरबी मांसाच्या धाग्यांत फारशी साठत नाही. ती पोटात, आतड्यांभोवती आणि गुर्द्यांभोवती साठते, आणि खाटीक ती वेगळी काढूनच ठेवतो. हृदयाची किंवा वजनाची काळजी असणाऱ्यांना हे मांस म्हणूनच सोयीचे आहे. पण परदेशी पाककृती शब्दशः पाळून त्याचे रोल केले, तर पदार्थ हमखास फसतो.

माझा पहिला प्रयत्न असाच फसला होता. मी डुकराच्या खिम्याचे प्रमाण जसेच्या तसे बोकडाच्या खिम्याला लावले, वेळ वाचवण्यासाठी रोल कुकरमध्ये ठेवून तीन शिट्ट्या काढल्या, आणि झाकण उघडले तेव्हा पाने फाटून रश्श्यात तरंगत होती व सारणाच्या टणक गोळ्या तळाशी बसल्या होत्या. आईने एक गोळी भाकरीवर दाबून पाहिली आणि म्हणाली, “अगं, ही तर पानात बांधलेली खडी झाली.” त्यानंतर बऱ्याच हिवाळ्यांत हा पदार्थ करून करून जे हाती लागले, ते इथे लिहिते आहे. चरबी जी कामे आपोआप करत होती, ती कामे इथे कांदा, तेल, दही आणि धान्याच्या कण्या यांच्याकडून करून घ्यावी लागतात. बाकीची कृती फारशी अवघड नाही.

खाली दिलेले प्रमाण बारा ते चौदा रोलचे आहे आणि ते चार-पाच माणसांच्या जेवणाला पुरते. सारणासाठी बोकडाचा खिमा अर्धा किलो, ज्वारीच्या कण्या अर्धी वाटी, मध्यम आकाराचे तीन कांदे, करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल तीन मोठे चमचे, घट्ट दही तीन मोठे चमचे, एक अंडे, आले-लसणाचे वाटण एक मोठा चमचा, काळा मसाला दीड छोटा चमचा, हळद, मूठभर चिरलेली कोथिंबीर आणि दीड ते पावणेदोन छोटे चमचे मीठ लागते. रश्श्यासाठी पिकलेले टोमॅटो अर्धा किलो, एक कांदा, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, दोन मोठे चमचे तेल, एक छोटा चमचा काळा मसाला, सुपारीएवढा गूळ, चवीपुरते मीठ आणि दीड मोठा चमचा येसर (भाजून दळलेले मसाल्याचे पीठ) घ्यावे. पत्ताकोबी सव्वा किलोच्या आसपास असावी, आणि शक्य असेल तर एकाऐवजी दोन आणाव्यात, कारण फाटलेल्या पानांची भरपाई ऐनवेळी कुठूनही होत नाही.

आधी मांसाविषयी. आपल्या भागात उस्मानाबादी जातीची शेळी सर्वत्र दिसते. ही जात धाराशिव जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखली जाते, बहुतेक जनावरे काळ्या रंगाची असतात, एका वेताला दोन करडे होणे तिच्यात सर्रास आढळते आणि उन्हाळ्यातल्या वाळक्या पाल्यावरही ती तग धरते. तिचे मांस अंगाने कोरडे असते. खिम्यासाठी मांडीचे किंवा खांद्याचे मांस घ्यावे. मांडीत मांस अधिक आणि पडदे कमी असतात. खांद्यात पडदे आणि शिरा थोड्या जास्त असतात, पण चव अधिक असते. मी दोन भाग मांडी आणि एक भाग खांदा असे घेते. दुकानात टांगलेल्या तयार खिम्यात नेमके काय पडले आहे हे कळायला मार्ग नसतो, म्हणून तुकडा समोर निवडून त्याचा खिमा करून घ्यावा. आमच्या गल्लीतल्या खाटीकचाचांना मी सांगते, “चाचा, मांडीचं द्या, वरचा पांढरा पडदा सगळा काढा, आणि मशीनमधून एकदाच काढा, दोनदा नको.” त्यांना पहिल्यांदा हे चमत्कारिक वाटले होते, कारण कबाबासाठी सगळे दोनदा काढून मागतात.

पडदा काढण्याचा आग्रह धरण्याचे कारण असे की, मांसावरचे हे पांढरे आवरण उष्णता लागताच आखडते आणि आखडताना भोवतालच्या मांसातले पाणी पिळून बाहेर काढते. पुष्कळ वेळ मंद आचेवर राहिले तर तेच आवरण विरघळून रश्श्याला अंग देते, पण खिम्याच्या रोलमध्ये तेवढी सवड मिळण्याआधीच सारण कोरडे पडलेले असते. एकदाच काढलेला, म्हणजे किंचित जाडसर खिमा घेण्याचे कारणही याला जोडूनच आहे. चरबी नसलेले मांस फार बारीक दळले की ते शिजल्यावर रबरासारखे एकजीव होते. जाडसर राहिले तर दाण्यादाण्यांमध्ये रस धरायला जागा उरते. घरी आणल्यावर खिमा धुऊ नये. धुतलेल्या खिम्यात पाणी राहते, सारण सैल होते आणि रोल शिजताना तेच पाणी सुटून पान फुगते. धुण्याची सवय मोडवत नसेल, तर अख्खा तुकडा धुऊन, कोरड्या फडक्याने टिपून मग खिमा करून घ्यावा.

आता चरबीची जागा भरून काढायची. तीन कांदे अगदी बारीक चिरून ते तीन चमचे तेलात, चिमूटभर मीठ घालून, झाकण न ठेवता मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे परतावेत. कांदा तांबूस करायचा नाही. तो पारदर्शक, मऊ आणि तेलाने ओथंबलेला झाला पाहिजे. उलथण्याने दाबला असता तो पातेल्याच्या तळाला पसरला, म्हणजे झाला असे समजावे. हा कांदा म्हणजे आपली चरबी. करडईचे तेल मराठवाड्यात पूर्वीपासून घराघरांत होते आणि त्याला स्वतःचा वास कमी असल्यामुळे ते इथे उत्तम चालते. घाण्याचे शेंगदाणा तेलही चांगले, फक्त त्याची चव रोलमध्ये ओळखू येते. कच्चा कांदा खिम्यात घालण्याचा मोह टाळावा, कारण तो शिजताना पाणी सोडतो आणि सारण आतून पोकळ होते.

धान्याच्या बाबतीत पोलंडमध्ये तांदूळच वापरतात असे नाही. बकव्हीट (कुट्टू) आणि जव घालून केलेले रोलही तिथे जुने आहेत. त्यामुळे तांदळाच्या जागी ज्वारीच्या कण्या घालताना मला परदेशी पदार्थाशी प्रतारणा केल्यासारखे वाटत नाही. रब्बी ज्वारीचा टपोरा पांढरा दाणा जात्यावर किंवा मिक्सरमध्ये जाडसर भरडावा, पीठ चाळून काढावे आणि उरलेल्या कण्या दोन-तीन तास भिजवाव्यात. मग भरपूर पाण्यात दहा-बारा मिनिटे उकळून निथळून घ्याव्यात. बोटांत दाबल्यावर कणीच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसला पाहिजे. तो दिसेनासा झाला तर कणी जास्त शिजली आहे. ही अर्धवट शिजलेली कणी रोलमध्ये उरलेली कसर भरून काढताना मांसातून सुटणारा रस शोषून घेते, आणि जो रस एरवी रश्श्यात निघून गेला असता तो सारणातच राहतो. कण्या अगदी कच्च्या घातल्या तर मात्र टोमॅटोच्या आंबटपणामुळे त्या तासाभरातही नीट शिजत नाहीत. ज्वारी नको असेल तर जाडा तांदूळ याच पद्धतीने, सहा-सात मिनिटे उकळून वापरावा.

खिमा, गार झालेला कांदा, गार झालेल्या कण्या, दही, फेटलेले अंडे आणि बाकीचे जिन्नस परातीत एकत्र करावेत. ‘गार झालेला’ हा शब्द मुद्दाम दोनदा लिहिला आहे. गरम कांदा खिम्यावर पडला की मांस कडेने शिजू लागते आणि मग ते मिळून येत नाही. आधी फक्त खिमा आणि मीठ एकत्र करून हाताने दोन-तीन मिनिटे मळावे. मिठामुळे मांसातली प्रथिने सुटतात, खिमा हाताला चिकट लागू लागतो, आणि हाच चिकटपणा पुढे सारण बांधून ठेवतो. बाकीचे जिन्नस त्यानंतर घालून केवळ मिसळण्यापुरते हलवावे. पुरणासारखे मळत बसू नये. परात अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली तर गुंडाळायला सोपे जाते. त्याआधी सारणाची सुपारीएवढी टिकिया तव्यावर दोन्हीकडून भाजून चाखावी. मीठ-तिखट कमी-जास्त असेल तर ते आत्ताच कळते, रोल बांधल्यावर ते दुरुस्त करता येत नाही. ही टिकिया तोंडात कोरडी लागली तर आणखी एक चमचा दही आणि एक चमचा तेल निःसंकोच घालावे.

आता पत्ताकोबीकडे वळू, कारण बहुतेकांची खरी पंचाईत इथेच होते. आपण भाजीसाठी कोबी घेताना घट्ट, जड गड्डा निवडतो आणि ते बरोबरच आहे. रोलसाठी नेमके उलटे करावे. सारख्या आकाराचे दोन गड्डे दोन हातांत घेऊन त्यांतला हलका निवडावा. हलक्या गड्ड्यात पाने सैल असतात, एकमेकांत कमी अडकलेली असतात आणि अख्खी सुटतात. घट्ट गड्ड्याची पाने सुटण्याआधी फाटतात. चपटा गड्डा गोल गड्ड्यापेक्षा बरा, कारण त्याची पाने पसरट असतात. डिसेंबर-जानेवारीत आठवडी बाजारात कोबीचे ढीग लागतात तेव्हा विक्रेत्याला हे पटवून देणे जरा कठीण जाते. “ताई, हा पोकळ आहे, हा घ्या की,” म्हणून तो आग्रहाने जड गड्डा पुढे करतो. आपण हसून हलकाच उचलावा. बाहेरची दोन-तीन हिरवी, भोके पडलेली पाने बाजूला काढावीत, पण टाकू नयेत. ती पातेल्याच्या तळाशी अंथरायला लागतात. गड्डा मिठाच्या पाण्यात वीस मिनिटे उलटा बुडवून ठेवला की आतल्या अळ्या बाहेर येतात.

गड्ड्याच्या देठाकडून टोकदार सुरीने शंकूच्या आकाराचा दांडा कोरून काढावा. तो तीन-चार बोटे खोल गेला पाहिजे. जेवढा दांडा आत राहील, तेवढी पाने त्याला धरून राहतील. मोठ्या पातेल्यात पाच-सहा लिटर पाणी दीड मोठा चमचा मीठ घालून खळखळ उकळावे आणि गड्डा कोरलेली बाजू खाली करून त्यात सोडावा. तीन-चार मिनिटांनी तो चिमट्याने उलटा करावा. वरचे पान कडेने सैल होऊन गड्ड्यापासून दूर होऊ लागते. ते चिमट्याने हलकेच ओढून चाळणीत काढावे आणि गड्डा पुन्हा पाण्यात राहू द्यावा. दर एक-दोन मिनिटांनी एक-दोन पाने अशी सुटत जातात. घाई करून ओढले की पान शिरेपाशी चिरते, म्हणून जे पान येत नाही त्याला आणखी मिनिटभर द्यावे. पानाची परीक्षा अशी : मधली जाड शीर दोन बोटांत धरून वाकवावी, ती कट् असा आवाज न करता वाकली की पान तयार आहे. न वाकणारे पान पुन्हा पाण्यात टाकावे. ही परीक्षा टाळू नये, कारण पुढे टोमॅटोच्या आंबट रश्श्यात भाजी मऊ होण्याचा वेग फार मंदावतो, आणि इथे कडक राहिलेले पान तासभर रश्श्यात शिजूनही ताटात कडकच लागते. याउलट पाने गरजेपेक्षा जास्त वेळ उकळली तर कोबीतल्या गंधकयुक्त घटकांचा उग्र वास सुटतो आणि तो घरभर पसरतो.

फ्रिजरमध्ये जागा असेल तर याहून सोपी एक युक्ती आहे. दांडा कोरलेला अख्खा गड्डा पिशवीत घालून दिवसभर गोठवावा आणि आदल्या रात्री बाहेर काढून ताटात ठेवून द्यावा. गोठताना पानाच्या पेशींमधल्या पाण्याचे बर्फ होऊन पेशींच्या भिंती फुटतात, त्यामुळे सकाळी पाने ओल्या फडक्यासारखी लुळी होऊन आपोआप सुटी होतात. अशा पानांचा रंग थोडा मंद दिसतो. चवीत फरक पडत नाही. मला मात्र उकळलेल्या पानांचा करकरीतपणा आवडतो.

गार झालेले पान ओट्यावर उलटे, म्हणजे शिरेचा उंचवटा वर येईल असे, पसरावे. सुरी पानाला समांतर आडवी धरून उंचवटा पानाच्या जाडीइतका होईपर्यंत तासून काढावा. पान आरपार कापले जाऊ नये. आळूच्या पानाच्या शिरा आपण लाटण्याने दाबतो त्याच हेतूने हे करायचे असते, फक्त कोबीची शीर लाटण्याला दाद देत नाही. तासलेल्या शिरा बारीक चिरून रश्श्यात घालाव्यात.

पान सुलटे करून देठाची बाजू आपल्याकडे ठेवावी. साठ-पासष्ट ग्रॅम सारण, म्हणजे मोठ्या लिंबाहून थोडे अधिक, हाताने लांबट मुटक्यासारखे करून देठापासून दोन बोटे अंतरावर आडवे ठेवावे. देठाकडची कड सारणावर ओढावी, दोन्ही बाजूंचे पदर आत दुमडावेत आणि टोकापर्यंत गुंडाळत न्यावे. आळूवडी जशी आवळून बांधतो तशी ही आवळायची नाही. आतल्या कण्या अजून फुगायच्या असतात. घट्ट बांधलेला रोल पाऊण तासाने शिवण उसवल्यासारखा उघडतो. अंगठ्याने हलके दाबल्यावर रोल किंचित दबला पाहिजे आणि परत वर आला पाहिजे. गड्ड्याच्या आतली पाने लहान होत जातात, तेव्हा दोन पाने एकमेकांवर चढवून एक करावे. दोरा किंवा काडी टोचण्याची गरज पडत नाही.

रश्श्यात फारसे गुंतागुंतीचे काही नाही. तेलात कांदा आणि ठेचलेला लसूण परतावा, चिरलेल्या शिरा आणि किसलेले किंवा मिक्सरमधून काढलेले टोमॅटो घालून तेल कडेला सुटेपर्यंत शिजवावे, मग काळा मसाला, मीठ, गूळ आणि तीन वाट्या गरम पाणी घालून एक उकळी आणावी. युरोपातल्या रश्श्यात या ठिकाणी मैदा किंवा आंबट साय घालून दाटपणा आणतात. आपल्याकडे येसर असताना त्याची गरज नाही. धान्ये, डाळ आणि मसाले भाजून दळलेले हे पीठ लग्नाच्या पंगतीतल्या आमटीमुळे मराठवाड्यात सगळ्यांच्या ओळखीचे आहे. प्रत्येक घरचे प्रमाण वेगळे आणि प्रत्येक घराला आपलेच बरोबर वाटते, तो वाद इथे नको. येसर मात्र सुरुवातीला घालू नये, ते तळाशी बसून करपते. अर्धी वाटी गार पाण्यात कालवून बाजूला ठेवावे.

जाड बुडाचे पसरट पातेले घ्यावे. तळाशी बाजूला ठेवलेली बाहेरची पाने अंथरावीत, म्हणजे रोल खालून करपत नाहीत. त्यावर रोल शिवण खाली करून, एकमेकांना टेकतील असे दाटीवाटीने रचावेत. मोकळी जागा उरली तर ते उकळीबरोबर हलतात आणि उलगडतात. दोन थर झाले तरी हरकत नाही. वरून रस्सा ओतावा. तो वरच्या थराच्या खांद्यापर्यंत यावा, डोक्यावरून जाऊ नये. रोलवर एक उलटी स्टीलची ताटली ठेवून पातेल्यावर झाकण ठेवावे. ताटलीच्या वजनाने रोल जागच्या जागी राहतात.

पहिली उकळी आली की गॅस अगदी बारीक करावा. पुढचा पाऊण ते एक तास रश्श्याच्या पृष्ठभागावर इथे एक, तिथे एक असा बुडबुडा उठत राहिला पाहिजे. खळखळ उकळणारा रस्सा दिसला की समजावे, आतला खिमा पिळला जातो आहे. जास्त चरबीच्या खिम्याला ही हयगय चालून जाते, आपल्या खिम्याला चालत नाही. कुकर याच कारणासाठी नको. वाफेच्या दाबाखाली उष्णता शंभर अंशांच्या वर जाते आणि ती कमी करण्याचा उपाय आपल्या हाती राहत नाही. शेवटची पंधरा मिनिटे उरली असता ताटली काढून कालवलेले येसर कडेकडेने ओतावे आणि चमचा न घालता पातेलेच दोन्ही हातांनी धरून गोल हलवावे. खिमा 71 अंश सेल्सिअसपर्यंत तापला म्हणजे तो खाण्यास सुरक्षित मानतात. इतक्या वेळात तो त्याच्या पुढे गेलेला असतो, तरी खात्रीसाठी मधल्या भागातला एक रोल आडवा कापून पाहावा. आत गुलाबी रंग नसावा, कणीतला पांढरा ठिपका नाहीसा झालेला असावा आणि कापलेल्या जागेतून स्वच्छ, किंचित तेलकट रस ओघळावा. गॅस बंद केल्यावर वीस मिनिटे झाकण उघडू नये. गरमागरम काढलेला रोल ताटात मोडतो. विसावलेला रोल सुरीने काप काढण्याइतका नीट राहतो.

कापल्यावर सारण कोरडे, भुगा होणारे निघाले तर कांदा-तेल कमी पडले किंवा आच मोठी राहिली. सारण पानापासून सुटून आत पोकळी दिसली तर खिम्यात पाणी होते किंवा कांदा कच्चा होता. पान चावताना दोरीसारखे लागले तर शीर नीट तासली गेली नाही. रस्सा पाणचट झाला तर रोल काढून घेऊन तो एकटा पाच मिनिटे आटवावा. रोलसकट आटवू नये.

बोकडाऐवजी कोंबडीच्या छातीचा खिमा घ्यायचा असेल तर तो आणखी कोरडा आणि चवीला फिका असतो. तेल आणि दही प्रत्येकी एक चमचा वाढवावे आणि शिजवण्याची वेळ पस्तीस-चाळीस मिनिटांवर आणावी, कारण त्यात मऊ व्हायला वेळ घेणारे पडदे जवळजवळ नसतात. कोंबडीचे सारण आतपर्यंत 74 अंशांना पोहोचले पाहिजे. मांस अजिबात न खाणाऱ्यांसाठी सोयाबीनच्या तयार दाण्यांचा (सोया ग्रॅन्यूल्सचा) खिमा चालतो, आणि लातूरच्या बाजारपेठेत सोयाबीनच्या राशी पाहणाऱ्यांना तो परका वाटण्याचे कारण नाही. दीडशे ग्रॅम कोरडे दाणे गरम पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून, दोन पाण्यांत धुऊन, मुठीत घट्ट पिळून घ्यावेत. पिळण्यात कसूर झाली तर कच्चट वास राहतो. त्यात चिकटपणा नसल्यामुळे दोन मोठे चमचे भाजलेले बेसन आणि तितकाच दाण्याचा कूट मिसळावा. मीठ लावून मळण्याची पायरी इथे निरुपयोगी आहे.

वाढताना ताटात आधी रस्सा, त्यावर दोन-तीन रोल आणि बाजूला ज्वारीची भाकरी असावी. तिकडे वर आंबट सायीचा चमचा घालतात. त्याच्या जागी घट्ट दही चांगले लागते, आणि लसूण घातलेले असेल तर अधिक चांगले. कारळाची चटणी बरोबर असली तर घरातल्या वडीलधाऱ्यांची परक्या पदार्थाबद्दलची कुरकुर लवकर थांबते, हा अनुभव आहे. उरलेले रोल रश्श्यासकट फ्रिजमध्ये दोन दिवस राहतात आणि दुसऱ्या दिवशी ते अधिक मुरलेले लागतात. गरम करताना पातेल्यात पाव वाटी पाणी घालून, झाकण ठेवून, बारीक आचेवर दहा-बारा मिनिटे द्यावीत आणि मधला रोल आतपर्यंत वाफाळला आहे हे पाहावे. गोठवून ठेवायचे असतील तर शिजवून गार केलेले रोल रश्श्याच्या अर्ध्या भागासह डब्यात भरावेत आणि वापरण्याच्या आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवावेत.